ठेकेदाराचं पोट

रुखमाबाईचा कुत्रा गाभण आहे, असं गावानं ठरवून टाकलं होतं. कुत्रा नर आहे, ही अडचण गावाला फारशी वाटली नाही. कापूस वेचणीचे दिवस होते, माणसाला धड जेवायला सवड नव्हती. पण रुखमाबाईच्या अंगणापुढून जाताना थांबून त्या पोटाकडे पाहायला सगळ्यांना सवड होती.

"काय वं रुखमाबाई, बाळंतविडा आनून ठेवला का नाई?" खेमसिंग रोज विचारायचा. मोटारसायकलला कॅन लटकवून तो सकाळ-संध्याकाळ घरोघर दूध गोळा करायचा आणि दुधासोबत गावभरच्या गोष्टीही इकडच्या तिकडे करायचा.

"तू मामा लागते ना त्याचा. तूच आन," रुखमाबाई सुनवायची. खेमसिंग हसत पुढे जायचा. तो वळला की मात्र तिचा चेहरा उतरायचा.

कुत्र्याचं नाव ठेकेदार. आर्णीच्या रस्त्याचं काम चालू होतं तेव्हा हे पिल्लू खडीच्या ढिगावर बसून मजुरांवर भुंकायचं आणि स्वतः काडीचं काम करायचं नाही, म्हणून मजुरांनीच ते नाव ठेवलं. काम संपलं, मजूर गेले, ठेकेदार रुखमाबाईच्या मागे घरी आला. आता तो तीन वर्षांचा झाला होता. शेतात रोही, म्हणजे नीलगाई, शिरू देत नव्हता, रानडुकराला भीत नव्हता आणि घरात रुखमाबाईखेरीज कुणाचं ऐकत नव्हता. तिचा मुलगा भीमराज आणि सून रुपाली यांना तो आपले हाताखालचे लोक समजायचा.

पण गावात ठेकेदाराचं नाव झालं ते चंद्रीमुळे. चंद्री ही घरची म्हैस. पोळ्याच्या सुमारास ती व्याली आणि तिची वगार आठवड्याच्या आत गेली. चंद्रीनं पान्हा चोरला. रुपालीनं कास धुतली, चोळली, गाणी म्हटली, लाथा खाल्ल्या, थेंब नाही. कुणी सांगितलं, सुई टोचा, मग पाहा कशी धार लागते. रुखमाबाईनं त्याला दारातूनच परत लावलं. "तिची लेक मेली, अन तुमी तिले सुया टोचता?"

मग एका संध्याकाळी ठेकेदारानं चंद्रीच्या घमेल्यात तोंड घातलं. आता ही शिंगावर घेणार म्हणून भीमराज काठी घेऊन धावला. चंद्रीनं शिंगं वळवली नाहीत. तिनं ठेकेदाराला मानेपासून शेपटीपर्यंत चाटून काढलं, मग त्याच्या शेजारी घमेल्यात तोंड घातलं आणि डोळे मिटले. रुपाली कासेखाली बसली आणि बादलीत धार वाजायला लागली. त्या दिवसापासून तो नेमच झाला. एक घमेलं, दोन तोंडं. ठेकेदार बसल्याशिवाय चंद्री थेंब देत नव्हती. शेजारच्या गावांतून माणसं पाहायला यायची आणि भीमराज मोठ्या ऐटीत त्यांना गोठ्यात न्यायचा.

दिवाळी झाली आणि ठेकेदाराचं पोट दिसायला लागलं. बरगड्या वर आल्या, पाय काटकुळे झाले आणि मध्ये ते तट्ट पोट. अशक्त झाला म्हणून रुखमाबाई त्याच्या ताकात भाकरी जास्त कुस्करायला लागली. रुपालीनं घमेल्यात एक ओंजळ वाढवली, म्हणजे चंद्रीलाही पुरेल आणि त्यालाही. पोट वाढतच गेलं.

त्या दुपारी सासू-सुना कमरेला ओट्या बांधून कापूस वेचत होत्या. भीमराज बोऱ्यात उभा राहून पायानं कापूस दाबत होता. तुरीचे शेंडे हलले, रोहीचं डोकं वर आलं आणि ठेकेदार शेताच्या कडेच्या धुऱ्यावरून उठला. भुंकला, धावला, पऱ्हाटीच्या दोन-चार ओळी ओलांडल्या आणि तोंडावर पडला. रोहीनं वळून पाहिलं आणि निवांत तूर खात राहिला.

भीमराज बोऱ्यातून उडी टाकून पोचला. ठेकेदाराची जीभ बाहेर आली होती आणि ती जांभळी पडली होती. तोंड उघडं होतं, छाती हलत होती, पण हवा आत जाताना दिसत नव्हती.

"माय, गेला वाट्टे हा."

"गेला नाई. त्याचा डोया पाह्य." रुखमाबाईनं कमरेची ओटी सोडली. सकाळपासून वेचलेला कापूस तिनं तसाच मातीत ओतला आणि त्या कपड्यात कुत्र्याला गुंडाळायला लागली. रुपाली त्या ढिगाकडे पाहत राहिली. माती लागलेला कापूस कुणी घेत नाही हे रुखमाबाईनंच तिला शिकवलं होतं.

"गाडी काढ," रुखमाबाई म्हणाली.

"वेचनी टाकून? माय, कुत्र्याले दवाखान्यात कोन नेते?"

"मी नेतो. तू गाडी नाई काढली तं डोक्यावर नेतो."

भीमराजला आई माहीत होती. त्यानं मोटारसायकल काढली. रुखमाबाई मागे बसली, मांडीवर ठेकेदार. खड्ड्यात गाडी उतरली की त्याच्या पोटात काहीतरी डचमळायचं आणि ते तिच्या पोटाला कळायचं. चौकात पारावरच्या लोकांनी पाहिलंच. "भीमराजभाऊ, दिवस भरले का?" असं कुणीतरी विचारलं आणि हशा पिकला. भीमराजचे कान तापले. त्यानं गाडी जोरात सोडली, आणि आईनं पाठीत एक बुक्की घातली तेव्हा पुन्हा हळू केली.

आर्णीत बसस्टँडच्या मागे अपेक्षा डॉक्टरनं नुकताच कुत्र्या-मांजरांचा दवाखाना काढला होता. लोक तिच्याकडे शेळ्याच आणायचे. कुत्रा आला म्हणून ती खुर्चीतून उठलीच. तिनं हिरड्या पाहिल्या, मांडीच्या आतून नाडी धरली, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. बोलायला ती भराभर बोलायची, पण ऐकताना मात्र डोळे मिटून अगदी गप्प झाली.

"मावशी, या बाजूला हात ठेवा. असा, सपाट."

रुखमाबाईनं पोटाच्या एका कुशीवर हात ठेवला. डॉक्टरनं दुसऱ्या कुशीवर टिचकी मारली. रुखमाबाईच्या तळव्याखाली लाट आली.

"पानी हाये," रुखमाबाई म्हणाली.

"पाणीच. नुसतं पाणी."

"म्हंजे गाभन नाई, एवढं मले लिहून द्या. गावाले दाखवतो."

डॉक्टर हसली आणि हसता हसताच तिनं सुई काढली. पोटाचा खालचा भाग वस्तऱ्यानं साफ केला, सुई घातली, नळी लावली. नळीतून फिकं गुलाबी पाणी बादलीत उतरायला लागलं. रुखमाबाईनं कुत्र्याचं डोकं छातीशी धरलं होतं. पाणी उतरत होतं तशी तिच्या हातातली ती धडपड कमी होत गेली. भीमराज दाराजवळ तोंड फिरवून उभा होता, तो हळूहळू जवळ आला. ठेकेदाराची जीभ आधी मळकट, मग गुलाबी झाली. त्यानं एक लांब श्वास घेतला आणि डॉक्टरचं मनगट चाटलं.

"झाला ना बरा?" भीमराजनं विचारलं.

"नाही भाऊ. घर गळत होतं, आपण बादली रिकामी केली. गळतंय कुठे ते शोधायचंय."

आणि ती शोधायला लागली. गोचिडांचा ताप असेल म्हणून रक्त पाहिलं, नव्हता. हृदयात जंत होतात, ते पाहिले, नव्हते. लघवी पाहिली, मूत्रपिंड ठीक होतं. एकेक नाव खोडताना तिचा चेहरा आणखी उजळत होता आणि रुखमाबाईला त्याचं कोडं पडत होतं. शेवटी तिनं सोनोग्राफीचं छोटं यंत्र छातीला लावलं आणि पडदा मायलेकाकडे वळवला.

"हे त्याचं हृदय. केवढं मोठं झालंय पाहा, आणि किती ढिलं. धड दाबतच नाहीये. तीन वर्षांच्या कुत्र्याचं असं नसतं. काय खातो हा?"

"भाकर. ताक. पोयाले पुरनपोयी खाल्ली होती."

"उंदराचं औषध? फवारणीचं काही?"

"डबे कुलपात ठेवतो आमी," भीमराज म्हणाला.

"अजून काही? आठवून सांगा."

दोघांनी खरंच आठवलं. काही नव्हतं. डॉक्टरनं लघवी होण्याच्या गोळ्या दिल्या, धावू देऊ नका म्हणाली आणि दारापर्यंत सोडायला आली. "कशानं झालं ते कळत नाही, आणि मला झोप येणार नाही," असं ती म्हणाली. तिची झोप आपल्या कुत्र्यासाठी उडणार याचं रुखमाबाईला वाटेभर बरं वाटत राहिलं.

पोट पुन्हा भरलं. पुन्हा गाडी, पुन्हा चौक, पुन्हा बादली. या खेपेला डॉक्टर हसली नाही. पाण्याकडे पाहत उभी राहिली आणि म्हणाली, "मी घरी येते. हा राहतो कुठे, झोपतो कुठे, दिवसभर करतो काय, ते मला पाहू द्या."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती स्कूटीवरून आली तेव्हा नेमकी धारेची वेळ होती. अंगणातली माती तिनं पाहिली, विहिरीचं पाणी पाहिलं, ठेकेदाराचं ताट उचलून वास घेतला. मग गोठ्याच्या तोंडाशी आली आणि थांबली. रुपाली कासेखाली बसली होती. घमेल्यात चंद्रीचं तोंड होतं आणि त्याच्या शेजारी, मिशांना भिजलेला भुगा लागलेला, ठेकेदार होता.

"हे काय आहे?"

"चंद्री हाये. तुमाले सांगतलं नाई का? त्याच्याबिगर पान्हाच सोडत नाई ते," भीमराज ऐटीत म्हणाला.

"घमेल्यात काय आहे?"

"ढेप."

"म्हणजे सरकीची पेंड?"

"मंग अजून कायची? कापसाच्या गावात."

"आणि हा ती खातो."

"खात नाई," रुखमाबाई म्हणाली. "तिच्या संगं बसते."

"मावशी, त्याचं तोंड आत आहे."

"ते तिचं आंबोन हाये ना. त्याचं ताट तिकडं हाये."

खोटं त्या घरात कुणीच बोललं नव्हतं. ताटात पडतं ते कुत्र्याचं खाणं, घमेल्यात पडतं ते म्हशीचं. ठेकेदार घमेल्यापाशी जायचा तो कामाला; तिथे पोटात काही गेलं तरी ते कामातलंच. बैल वखर ओढतो तसं तो चंद्रीजवळ बसतो, अशी सगळ्यांची समजूत होती. वखराला कुणी बैलाचं खाणं म्हणत नाही.

डॉक्टरनं ठेकेदाराला गळ्यात हात घालून बाहेर ओढलं. चंद्रीनं फुरफुर केली आणि रुपाली बादली घेऊन मागे सरली. डॉक्टरनं तोवर आपल्या कॉलेजातल्या सरांना फोन लावला होता. अंगणात ती भराभर येरझारा घालत होती. "सर, सापडलं. नाही सर, गोचीड नाही, काहीच नाही, ढेप आहे. सरकीची ढेप, रोज दोन वेळा, पोळ्यापासून, म्हशीच्या घमेल्यातून. हो सर, पुस्तकात एक ओळ होती, ती आठवली मला. मी समोर पाहतेय सर, समोर." तिचे डोळे चमकत होते, ती चक्क हसत होती. ओसरीवर बसलेल्या रुखमाबाईच्या अंगाची आग झाली.

"बाई, तुमाले आनंद कायचा होऊन राह्यला? माहा कुत्रा मरून राह्यला."

डॉक्टर थांबली. फोन बंद करून ती रुखमाबाईच्या पायाशी, मातीतच बसली.

"चुकलं मावशी. रोग सापडत नव्हता तोवर मी नुसती बादल्या भरत होते. आता निदान कुणाशी भांडायचं ते माहीत झालं."

मग तिनं सांगितलं. सरकीत एक विष असतं. रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावराच्या पोटात ते बरंचसं बांधलं जातं, म्हणून चंद्रीला काही होत नाही. कुत्र्याच्या पोटात ते बांधलं जात नाही. थोडं थोडं अंगात साठतं आणि हृदय धरतं.

"म्हंजे आमीच चारलं," रुपाली म्हणाली. वाढवलेली ओंजळ तिला आठवली होती आणि ती ओल्या हातानं डोळे पुसत होती.

"इथं ढेपेला विष कोण म्हणेल? मला शिकलेलीला आठवायला इतका वेळ लागला."

"यावर सुई?" भीमराजनं विचारलं.

"उतारा नाही. ढेपेचा एक घासही नको, पळणं नको, गोळ्या चालू. हृदय किती गेलंय ते आता तोच सांगेल. काही दिवस खाणं टाकेल, चमच्यानं पेज पाजा. ज्या दिवशी आपल्या पायानं उठून खायला येईल, त्या दिवशी समजा वळला. नाही आला, तर..."

ठेकेदाराला घरात चुलीजवळ पोत्यावर बांधलं. सकाळी रुपाली एकटी गोठ्यात गेली. चंद्रीनं घमेल्याचा वास घेतला, दाराकडे पाहिलं, पुन्हा वास घेतला. रुपालीचा हात कासेला लागताच लाथ आली. बादली भिंतीवर आपटली, रुपालीच्या नडगीला खोक पडली. संध्याकाळी तेच. खेमसिंग दारात येऊन कॅनचं झाकण उघडून उभा राहिला आणि तसंच लावून निघाला. "ठेकेदारानं काम बंद पाडलं का गा?" चार घरांना ऐकू जाईल असं तो म्हणाला. भीमराज घरात येऊन पोत्यावरच्या कुत्र्याकडे रागानं पाहत राहिला.

रुखमाबाईला युक्ती सुचली. तण काढायला पिकात डवरा चालवताना बैलांनी पीक खाऊ नये म्हणून तोंडाला बांधतात ते मुसकं तिनं काढलं. बैलाचं मुसकं ठेकेदाराच्या तोंडाला कसलं बसतं. त्यात त्याचं अख्खं डोकं गेलं. रात्री बसून तिनं सुतळीचं लहान मुसकं विणलं. सकाळी भीमराजनं ठेकेदाराला उचलून घमेल्याशेजारी ठेवला. चंद्री आनंदानं हंबरली, त्याची मान चाटली, मग घमेल्यात तोंड घालून वाट पाहत राहिली. तो खात नव्हता. तिनं नाकानं घमेलं त्याच्याकडे ढकललं. त्यानं मुसक्यातून वास घेतला आणि मान खाली टाकली. चंद्रीनंही तोंड बाहेर काढलं. कास तट्ट भरली होती आणि थेंब उतरत नव्हता.

असे दिवस गेले. रुपाली भरल्या कासेतून जेमतेम चहापुरतं दूध ओरबाडून काढायची, तेही दोन लाथा खाऊन. चंद्री खाणं टाकत चालली, ठेकेदारानं तर टाकलंच होतं. डॉक्टर एकदा येऊन पाणी काढून गेली. पाणी मागच्यापेक्षा कमी निघालं, पण छाती ऐकून तिनं गोळ्या तशाच चालू ठेवायला सांगितल्या.

"चंद्री आटून जाईन," भीमराज एका संध्याकाळी गोठ्यातून येऊन म्हणाला. "सड दुखतात तिचे. हात लावू देत नाई."

"मालूम हाये," रुखमाबाई म्हणाली.

"दोन घास खाल्ले तं का होते? इतके दिवस खाल्ले तं मेला का तो? दोन घास, माय. ते पान्हा सोडन, मोकळी होईन, मंग काढून घेऊ त्याले."

रुखमाबाईनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती चमच्यानं पेज पाजत होती आणि ठेकेदाराच्या जबड्याच्या फटीतून ती परत बाहेर येत होती. भीमराज पुढे झाला. त्यानं कुत्र्याला दोन्ही हातांवर उचललं. आता उचलायला काही वजनच उरलं नव्हतं, ते त्यालाही कळलं असावं, कारण तो क्षणभर थांबला. पण गेला. घमेल्यात ताजी ढेप भिजत होती. त्यानं मुसकं सोडलं आणि ठेकेदाराचं तोंड घमेल्याकडे नेलं. चंद्री दावं ताणून पुढे आली.

रुखमाबाई धावत आली. तिचे गुडघे धावण्यातले राहिले नव्हते. तिनं घमेलं दोन्ही हातांनी धरून उलथं केलं. ढेप शेणात, भीमराजच्या पायांवर, सगळीकडे सांडली.

"आता चार त्याले," ती म्हणाली. "माह्या म्होरं चार."

भीमराज कुत्र्याला हातात घेऊन तसाच उभा राहिला. ठेकेदारानं त्याच्या दंडावर डोकं टेकलं होतं. एरवी भीमराजनं उचललं तर तो गुरगुरायचा; आज गुरगुरायचंही त्राण नव्हतं. "मले का तो मराव वाट्टे का, माय?" एवढंच तो म्हणाला आणि रडायला लागला. रुखमाबाईनं त्याच्या हातातून कुत्रा घेतला नाही. तिनं त्याला, कुत्र्यासकट, हाताला धरून घरात नेलं.

सांडलेली ढेप रुपालीनं भरली. भरता भरता ती थांबली. सगळे इतके दिवस ठेकेदाराचं तोंड घमेल्यापासून दूर ठेवायच्या मागे लागले होते. घमेल्यातलं कुणी बदलून पाहिलं नव्हतं. तिनं तिथूनच, शेणाच्या हातानं, डॉक्टरला फोन लावला.

"म्याडम, दोघायलेबी चालते असं काई हाये का? तुरीची चुरी? शिजवून, त्यात जवारीचं पीठ?"

पलीकडे पुस्तकाची पानं उलटल्याचा आवाज आला. मग डॉक्टर म्हणाली, "रुपालीताई, चालेल. दोघांनाही चालेल. कराच."

भीमराज मोटारसायकल काढून दालमिलवर गेला आणि डाळ भरडताना पडणाऱ्या चुरीचं पोतं घेऊन आला. रुपालीनं मोठ्या गंजात चुरी शिजवली, पीठ लावलं, थोडा गूळ टाकला. ढेपेचा वास जावा म्हणून रुखमाबाईनं घमेलं राखेनं घासलं, मग पुन्हा घासलं. चुरी पुढे ठेवल्यावर चंद्रीनं नाक फेंदारलं आणि मान फिरवली. दोरी सोडली तरी ठेकेदार पोत्यावरून उठला नाही. रात्री रुखमाबाई त्याच्या छातीवर हात ठेवून पडली होती; झोपली की नाही तिलाच ठाऊक.

सकाळी थंडी होती. रुपालीनं चुरी पुन्हा गरम केली आणि घमेलं चंद्रीपुढे नेऊन ठेवलं. बादली घरातच होती. आणायची आशा तिला उरली नव्हती. चंद्री हंबरली. भूक लागलेल्या म्हशीचं ते हंबरणं नव्हतं, वगार दूर गेल्यावर हंबरतात तसं होतं. ती पुन्हा हंबरली.

चुलीजवळ ठेकेदाराचा कान हलला.

भीमराज चहाचा कप ठेवून उठायला लागला, त्याला उचलून न्यायला. रुखमाबाईनं त्याचं मनगट गच्च धरलं. "हात लावू नोको."

ठेकेदारानं पुढचे पाय सरळ केले. मागचे घसरले. तो तसाच अर्धा बसून राहिला, धापा टाकत. मग उठला. उंबऱ्याशी थांबला, ओसरीवर थांबला, अंगणात मधोमध तर इतका वेळ थांबला की रुपालीनं तोंडावर हात ठेवला. पुन्हा चालला. त्याच्या मागे दोन हात अंतर ठेवून मायलेक चालत होते, दोघंही अनवाणी. गोठ्यात पोचून त्यानं घमेल्याचा वास घेतला. एकदा. दोनदा. जीभ लावली. आणि खायला लागला.

चंद्रीनं मान वळवली. आधी त्याला मानेपासून शेपटीपर्यंत चाटलं, कुठे एक केसही सोडला नाही. मग, काल नको म्हटलेल्या त्या चुरीत, त्याच्या तोंडाशेजारी तोंड घातलं.

बादली कुणाच्या हातात नव्हती. कुणी हात लावण्याआधीच सडांतून दूध ठिबकायला लागलं, मग बारीक धारच लागली, सरळ जमिनीवर. बाहेर खेमसिंगचा हॉर्न वाजला, पुन्हा वाजला. तो कंटाळून आत आला आणि गोठ्याच्या दारात पाहून त्यानं डोक्यावरची टोपी काढली. चिडवायचं तो साफ विसरला.

भीमराजनं फोन लावला.

"म्याडम, आपल्या पायानं आला. खाऊन राह्यला."

"खरंच?"

"आयका," म्हणून भीमराज गुडघ्यावर बसला आणि त्यानं फोन घमेल्याजवळ धरला. चपचप, चपचप, मध्येच चंद्रीचा मोठा उसासा, पुन्हा चपचप. पलीकडे डॉक्टर ऐकत होती. दूध शेणामातीत वाहत होतं, आणि रुखमाबाई गोठ्याच्या खांबाला टेकून मोठ्यानं रडत होती.